पीएमजीच्या स्लॅबमधली स्पेसिमेन नोट: आकड्याखालची ओळ आधी वाचा

पोर्तुगीज गोव्याच्या 1959 च्या एस्कुदो नोटांच्या स्पेसिमेन, म्हणजे नमुन्यादाखल छापलेल्या, प्रती लिलावात बऱ्याचदा पीएमजी या नोटा तपासून गुण देणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या सीलबंद होल्डरमध्ये, म्हणजे स्लॅबमध्ये, दिसतात. (तिथल्या जुन्या चलनातल्या एका रुपियाला सहा एस्कुदो असा दर ठरला, म्हणून 30, 60, 300, 600 अशी चमत्कारिक मूल्यं.) जगभरच्या नोटांची यादी देणाऱ्या पिक कॅटलॉगमध्ये त्यांचे क्रमांक 41 ते 46. स्पेसिमेन असेल तर क्रमांकापुढे ‘एस’ लागतो. लेबलवर तो आहे ना, ते पाहून घ्यावं.

पीएमजीची 70 गुणांची पट्टी मुळात चलनी नोटांसाठी. स्पेसिमेन बाजारात फिरलेलीच नसते, तिला घडी नाही की मळ नाही. तिचं नुकसान होतं ते नमुनावहीत. तिथे चिकटवलेली नोट सोडवताना मागे गोंद राहतो, कागदाचे पापुद्रे राहतात, कधी जागा पातळ होते. समोरून कोरीकरकरीत नोट मग 64 वर अडते, कारण 65 पासून पुढे ‘ईपीक्यू’, म्हणजे कागदाला हात न लागल्याची खूण, सक्तीची आहे. चिकटवल्याची किंवा कोणी पेनाने शेरा मारल्याची नोंद लेबलवर बारीक अक्षरांत असते. एकाच गुणाच्या दोन नोटांच्या किमती तिथेच वेगळ्या होतात. रद्द करताना पाडलेली भोकं मात्र दोषात धरत नाहीत.

खरेपणाची खात्री हा या सेवेचा सगळ्यात मोठा फायदा. चलनी नोटेचा क्रमांक खरवडून वर लाल ‘स्पेसिमेन’ छापण्याचे उद्योग चालतात. सुट्या नोटेत क्रमांकाची जागा उजेडासमोर धरली की खरवडलेला कागद पातळ दिसतो; स्लॅबमध्ये बोटाने काहीच कळत नाही. खोटे स्लॅबही निघतात. म्हणून प्रमाणपत्राचा क्रमांक पीएमजीच्या संकेतस्थळावर टाकून तिथल्या फोटोशी भोकांची जागा आणि छपाईची कड जुळवा.

भारतातून नोट पीएमजीकडे पाठवायची तर बहुतेक जण अधिकृत डीलरमार्फत पाठवतात. शुल्काचा टप्पा जाहीर केलेल्या किमतीवर ठरतो. किंमत मुद्दाम कमी लिहिली तर वाटेत गहाळ झालेल्या नोटेची भरपाईही तेवढीच. शंभर वर्षांपलीकडची नोट, उदाहरणार्थ 1917 ची, देशाबाहेर धाडण्याआधी 1972 च्या पुरावस्तू कायद्याची चौकशी हवीच.

60 एस्कुदोची साधी, वापरलेली नोट स्लॅबमध्ये घालणं म्हणजे पैसे वाया. तिला पॉलिएस्टरचं पाकीट पुरे. पीव्हीसीचं नको, ते काही वर्षांत चिकट होतं.