चित्रावर जुन्या टीव्हीच्या रेषा: इमेजमॅजिक, एफएफएमपेग की एनटीएससी-आरएस?

जुन्या टीव्हीसारख्या आडव्या रेषा घालायच्या तर स्थिर चित्रांसाठी इमेजमॅजिक हे चित्रं बदलणारं साधन, व्हिडिओसाठी एफएफएमपेग. पण आधी हवंय काय ते ठरवा. ठळक आडव्या फटी हा जुन्या गेम कन्सोलचा थाट. ती यंत्रं २४० ओळीच पाठवायची, म्हणून मधली जागा काळी राहायची. टीव्ही प्रक्षेपणात सम-विषम ओळी आलटून पालटून येत आणि फटी भरून निघत. त्यामुळे बातम्या किंवा व्हीएचएसचा (जुन्या व्हिडिओ कॅसेटचा) बाज हवा असेल तर रेषा ओढून उपयोग नाही. ओघळणारे रंग आणि टेपचा खरखराट एनटीएससी-आरएस या जुन्या टीव्ही सिग्नलची नक्कल करणाऱ्या साधनात मिळतो. त्याचा रोख सिग्नलवर आहे, टीव्हीच्या काचेवर नाही.

रेषाच हव्यात? इमेजमॅजिकमध्ये एक पिक्सेल रुंद, चार पिक्सेल उंच टाइल (छोटा तुकडा) करा: वरचे तीन पांढरे, खालचा करडा. ती चित्रभर पसरून मल्टिप्लायने (दोन्हींच्या उजेडाचा गुणाकार करणाऱ्या पद्धतीने) मिसळली की काम झालं. एकाआड एक ओळ ठार काळी करू नका, निम्मा उजेड जातो. मल्टिप्लायची खोट अशी की रेषा उजळ भागातच जास्त उठून दिसतात. खऱ्या पिक्चर ट्यूबवर नेमकं उलटं: उजळ जागी इलेक्ट्रॉनची शलाका रुंदावते आणि फट बुजते. उपाय म्हणजे चित्राचीच धूसर, कृष्णधवल प्रत मास्क म्हणून (परिणाम कुठे किती दिसावा ते ठरवणारी) लावून उजळ भागातल्या रेषा फिक्या करायच्या. एवढी खटपट केलीत तर फरक लगेच दिसतो. आणि इमेजमॅजिकचा मॉग्रिफाय हा आदेश मूळ फाइलवरच लिहितो, तेव्हा प्रत काढूनच चालवा.

एफएफएमपेगचा ड्रॉग्रिड हा फिल्टर चटकन रेषा ओढतो, पण मास्कसारखं काही करायचं तर आणखी फिल्टर जोडावे लागतात किंवा सूत्रावर चालणाऱ्या जीईक्यू फिल्टरकडे जावं लागतं. तो प्रत्येक पिक्सेलला सूत्र सोडवत बसतो, म्हणून मंद. शिवाय कॉम्प्रेशन बारीक रेषा खाऊन टाकतं. बिटरेट (दर सेकंदाला वापरला जाणारा डेटा) सढळ ठेवा. एका चित्रासाठी हा खटाटोप मी करणार नाही.

कोणतंही साधन घ्या, मापं पूर्णांकात बसवा. २४० ओळींचं चित्र चौपट केलं की ९६० होतं, टाइल बरोबर बसते. १०८० केलंत तर प्रत्येक ओळीला साडेचार पिक्सेल येतात आणि रेषा कुठे जाड, कुठे बारीक पडतात. आकार आधी बदला, रेषा शेवटी घाला, चित्र पीएनजीत (बारकावे न गमावणाऱ्या फाइल प्रकारात) साठवा. नंतर कुणी चित्र लहान केलं तर त्यावर लहरी उमटतील, म्हणून जिथे टाकणार तिथलं माप आधीच विचारून घ्या.