मराठी आणि कोड एकाच खिडकीत: जीव्हिम, ईमॅक्स की व्हीएस कोड?

कोड लिहायचा एडिटर निवडताना बहुतेक जण थीमचे, म्हणजे त्याच्या रंगसंगतीचे, फोटो बघतात. मी बघतो ते वेगळेच: रंग बिघडला किंवा अक्षर मोडले, तर "हे कुणी केले?" याचे उत्तर एडिटर देतो का. कोथरूडमधल्या घरी बसून मी ॲपच्या मराठी मजकुराच्या फाइली सांभाळतो, म्हणजे एका ओळीत कोड आणि त्याच ओळीत देवनागरी. तिन्ही एडिटरांशी भांडून झाले आहे.

आधी एक खातरजमा. स्क्रीनशॉट काढा आणि फोनवर बघा. तिथे रंग ठीक दिसले तर एडिटर निर्दोष. मॉनिटर किंवा संध्याकाळी आपोआप चालू होणारा नाइट लाइट तपासा. माझा एक अख्खा शनिवार थीम बदलण्यात गेला तो यापायीच. तसेच, पेठेतल्या एखाद्या छापखान्यातून आलेली जुनी फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांचा काला दिसला तर फॉन्ट बदलत बसू नका. ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टाइप केलेली असते, तिन्हींत तशीच दिसेल. रूपांतर करूनच सुटका.

आता जीव्हिम, म्हणजे टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत) चालणाऱ्या व्हिमचे स्वतंत्र खिडकीतले रूप. व्हिम १९९१पासून आहे आणि रंगाच्या तक्रारीत त्याची उत्तरे चोख असतात. रंग दाखवणाऱ्या हायलाइट या आज्ञेआधी व्हर्बोज हा शब्द जोडला की अमुक रंग शेवटी कोणत्या फाइलीतल्या कोणत्या ओळीने ठरवला ते कळते. नेहमीचे दुखणे असे: सेटिंगमध्ये आपला रंग वर लिहिलेला आणि कलरस्कीमची (व्हिममधले थीमचे नाव) ओळ खाली. कलरस्कीम लागताना आधीचे सगळे पुसते, त्यामुळे आपली ओळ खाली न्यायची. दुसरे म्हणजे टर्मिनलमधले रंग आणि खिडकीतले रंग व्हिम वेगवेगळे साठवते, म्हणून एकीकडे देखणी असलेली थीम दुसरीकडे भकास दिसू शकते. मोठ्या फाइलीत मध्येच सगळा मजकूर एकरंगी झाला, तर रंगवायला ठरलेला दोन सेकंदांचा वेळ संपलेला असतो, रीड्रॉटाइम हे सेटिंग वाढवा.

पण देवनागरी? तिथे जीव्हिमने हात टेकले आहेत. पडद्यावर ठरलेल्या मापाचे खण आणि एकेक व्यंजन एकेका खणात, ही त्याची मुळातली रचना. 'कर्तृत्व', 'स्थिती', 'वऱ्हाडी' लिहून बघा: पाय मोडलेली अक्षरे सुटी, रफार जागेवर नाही, वेलांटी भलतीकडे. फॉन्ट बदलून हे जात नाही. मराठी मजकूर अधूनमधूनच येत असेल तर चालवून घ्या, रोजचे काम असेल तर पुढे वाचा.

ईमॅक्स २७ (२०२०) पासून अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हे इंजिन वापरते आणि जोडाक्षरे नीट बसतात. कर्सर अक्षरावर ठेवून कंट्रोल-यू, मग कंट्रोल-एक्स आणि बरोबरचे चिन्ह दाबा: फॉन्ट कोणता, रंग कोणत्या फेसमुळे (ईमॅक्समधल्या रंग-शैलीच्या नावामुळे) आला, जोडाक्षर कशाकशाचे जुळले, सगळे समोर. मला याचा खरा उपयोग 'दुसऱ्या'ने शिकवला. शब्द डोळ्यांसमोर होता आणि शोधला की सापडत नव्हता. एके ठिकाणी नुक्त्याचा ऱ होता, दुसरीकडे साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडखूण. दिसायला अगदी सारखे!

त्याचे नखरेही आहेत. दुसरी थीम लावली तरी पहिली आपोआप उतरत नाही, दोघी एकमेकींवर चढतात आणि रंगांची खिचडी होते. पहिली आधी बंद करायची. देवनागरी फॉन्ट उंच असला की मराठी शब्द असलेल्या ओळी फुगतात, तेव्हा फॉन्टसेटमध्ये, म्हणजे कोणत्या लिपीला कोणता फॉन्ट या यादीत, देवनागरीला वेगळा फॉन्ट नेमून माप कमी करावे. डेमन, म्हणजे पडद्यामागे सतत चालू ठेवलेले ईमॅक्स, वापरत असाल तर सेटिंग खिडकी उघडण्याआधीच वाचले जाते, त्यामुळे फॉन्ट आणि रंग लागतच नाहीत असे वाटते. शंका आली की आज्ञेत -Q (कॅपिटल क्यू) हा पर्याय देऊन कोरे ईमॅक्स सुरू करा. तिथे ठीक दिसले तर घोळ आपल्याच सेटिंगात.

व्हीएस कोडच्या पोटात क्रोमियम हे ब्राउझरचे इंजिन आहे, त्यामुळे मराठी पहिल्या दिवसापासून ब्राउझरसारखी दिसते. मात्र खालच्या टर्मिनलमध्ये तीच मराठी मोडते, कारण तिथे पुन्हा खण. त्या टर्मिनलचे रंग थीमशी जुळत नसतील तर किमान कॉन्ट्रास्टचे सेटिंग बघा. ते मुळात ४.५ असते आणि वाचता यावे म्हणून रंग बदलते; १ केले की थांबते. फाइल उघडून दोन-चार सेकंदांनी रंग पालटतात ते सिमँटिक हायलाइटिंगमुळे (कोडचा अर्थ समजून पुन्हा रंगवणे), बिघाड नव्हे. खिडकी काळी पडते किंवा लुकलुकते तेव्हा जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) वापर बंद करून सुरू करा. रंग कुठून आला ते टोकन तपासणी सांगते, आणि दोषी एक्स्टेंशन (वरून बसवलेली जोडणी) शोधायला बायसेक्ट आहे: निम्मी बंद करत करत नेमक्या एकापर्यंत पोचवते. हे एवढे सोपे बाकी दोघांत नाही.

माझा कौल? फक्त कोड आणि तोही बराचसा सर्व्हरवर असेल तर जीव्हिम. रोज मराठी, आणि सेटिंग शिकायला वेळ नाही, तर व्हीएस कोड. मी स्वतः ईमॅक्सवर आहे. मला चुकलेल्या अक्षराच्या पोटात शिरायला आवडते, पण पहिला महिना डोके खाते हे आधीच सांगतो. आणि थीम ठरवण्याआधी लॅपटॉप घेऊन भर दुपारी गॅलरीत बसा. रात्री दिव्याखाली मोहक वाटलेली काळी थीम एप्रिलच्या उन्हात आरशासारखी आपलाच चेहरा दाखवते.