डब्ल्यू६७ की डब्ल्यू६८? पूलमध्ये बुडाल्याची नोंद

आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजार, इजा आणि मृत्यूच्या कारणांना कोड देणाऱ्या जागतिक यादीत, स्विमिंग पूलात अपघाताने बुडण्याचे दोन कोड आहेत, आणि दिसायला सारखे असले तरी फरक मोठा आहे. डब्ल्यू६७ म्हणजे माणूस आधीच पूलमध्ये होता, पोहत होता किंवा खेळत होता आणि तिथंच बुडाला. डब्ल्यू६८ म्हणजे तो काठावर होता, पाय घसरला, आत पडला आणि मग बुडाला.

आता केसपेपरवर नुसतं "पूलमध्ये बुडाला" एवढंच लिहिलेलं असतं, मग कोडर, म्हणजे नोंदीला कोड देणारा, काय करणार, सरळ ६७ टाकतो, आणि काठावरून पडलेलं लहान मूल आकडेवारीत पोहणारं होऊन बसतं! मला हे फार लागतं, कारण ६७ वाढले तर लाइफगार्ड आणि पोहण्याच्या शिकवणीकडे लक्ष जातं, ६८ वाढले तर कुंपण आणि गेटच्या कडीकडे. म्हणून डॉक्टरांनो, एक ओळ जास्त लिहा ना: "काठावर खेळताना तोल गेला, कुणी पाहिलं नाही, अंगावर रोजचे कपडे." एवढ्यात ६८ स्पष्ट होतो. कोडच्या चौथ्या स्थानावरचा, घटनेच्या जागेचा आकडाही विसरू नका, घर असेल तर ०, क्रीडासंकुल असेल तर ३.

डब्ल्यूचे कोड कारण सांगतात, शरीराला झालेल्या इजेचा वेगळा कोड मात्र दोन्हीत टी७५.१ च. आणि "निअर ड्राउनिंग" (बुडता बुडता वाचणं), "ड्राय ड्राउनिंग" (फुफ्फुसात पाणी न जाता बुडणं) हे शब्द आता नकोत, बुडणं हे बुडणंच, वाचला की गेला ते वेगळं लिहायचं.