अख्खी जुडी की चिरलेल्या भाजीचे पाकीट?

पालेभाजी कच्ची खायची असेल तर जुडी घ्यावी की धुऊन-चिरून आलेले पाकीट, या पेचात एक मैत्रीण आहे.

जंतूंच्या दृष्टीने जुडी उजवी ठरते, कारण पान चिरले की कापलेल्या कडेतून रस पाझरतो, जंतू तिथे घट्ट चिकटतात आणि एका शेतातला दोष धुण्याच्या सामाईक पाण्यातून अनेक पाकिटांत पसरू शकतो. अमेरिकेत 2006 साली पाकीटबंद पालकातून ई. कोलाय या पोटाचा आजार घडवणाऱ्या जंतूची मोठी साथ पसरली होती. अर्थात जुडीही निर्धोक नव्हे. वाहत्या पाण्याने देठांच्या बेचक्यातली माती निघते, जंतू मात्र केवळ कमी होतात.

कष्टांत पाकीट सरस, यात वादच नाही. ‘खाण्यास तयार’ असे लिहिलेले पाकीट घरी पुन्हा धुऊ नये; ओट्यावरचे जंतूच त्याला लागण्याची भीती अधिक. टिकाऊपणात ते कमी पडते, शिवाय लिस्टेरिया हा आजार घडवणारा जंतू फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो.

वेळ नसलेल्या निरोगी माणसाने ताजे, थंड ठेवलेले पाकीट घ्यावे. एरवी जुडीच बरी. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि लहान मुलांसाठी मात्र दोन्हींपैकी कोणतीही भाजी नीट शिजवूनच वाढावी.