शॉर्ट शिफ्टर किट, आठ महिने वापरून: बुश एक नंबर, लिव्हर नको रे बाबा

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाही, कारण अशी किट सगळ्या साधारण सारखीच असतात आणि मला जे सांगायचंय ते एका कंपनीबद्दल नाहीचे. शॉर्ट शिफ्टर म्हणजे गियरचा लिव्हर आखूड करायचा, मग तो कमी हलवून गियर पडतो. किटमध्ये काय आलं तर एक आखूड गियर लिव्हर, केबलच्या टोकांना बसवायचे दोन पॉलियुरेथेनचे बुश (सांध्यात बसणाऱ्या छोट्या गोल बांगड्या), लिव्हरच्या बेसखाली टाकायचे चार मेटलचे बुश आणि एक जाडजूड स्टीलचा नॉब. डब्यावर लिहिलंय की गियर चुकणार नाहीत. चुकतात. कसे आणि का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

माझी गाडी पाच गियरची, पुढच्या चाकांवर चालणारी, केबलवाली (लिव्हर केबलने गियरबॉक्सला जोडलेला). बऱ्यापैकी पळालेली. गेल्या वर्षभरात तिचा तिसरा गियर म्हणजे लॉटरी झाली होती, दुसऱ्यातून वर ढकलला की कधी तिसरा पडायचा, कधी मधेच अडकायचा आणि इंजिन नुसतं भुणभुणायचं, मागचा हॉर्न वाजवतोय, बाजूला बसलेला हँडल धरून बसलाय. इथवर ठीक होतं, नुसती लाज जाते. पण एकदा ओव्हरटेक करताना तिसऱ्यात साडेपाच हजार आरपीएमला होतो, चौथा टाकायला ओढला आणि पडला दुसरा. क्लच सोडला तसा गाडीने असा झटका मारला की मागच्या सीटवरची बॅग पुढे आली, आरपीएमचा काटा लाल पट्टी ओलांडून गेला, मी घाबरून परत क्लच दाबला म्हणून निभावलं.

याला मनी शिफ्ट म्हणतात, कारण नंतर खिसा रिकामा होतो. खूप जणांना वाटतं की रेव्ह लिमिटर आहे ना, मग काय होतंय. अरे लिमिटर फक्त पेट्रोल बंद करतो. इथे इंजिन पेट्रोलवर फिरतच नाहीये, चाकं त्याला फिरवतायत, त्यामुळे लिमिटर बिचारा बघत बसतो. माझ्या गाडीत दुसऱ्याचा रेशो (गियरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनचे किती फेरे) 1.9 आहे आणि तिसऱ्याचा 1.3, म्हणजे तिसऱ्यात 5500 असताना दुसरा पडला की हिशोबाने 8000 च्या वर जातं, आणि माझी लाल पट्टी सुरू होते 6500 ला. पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडला तर अजून वाईट, पाचव्याचा रेशो 0.75 आहे, तर आरामात 4000 वर चाललेलं इंजिन दहा हजाराच्या पुढे. एवढ्या वेगात व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा व्हॉल्व्हला वेळेवर बंद करू शकत नाहीत आणि पिस्टन वर येऊन त्यांना भेटू शकतो. मी नंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब नीट धरतात का, ते चेक करून घेतलं, चारही सिलिंडर जवळपास सारखे निघाले. नशीब.

तर त्याच रात्री हे किट ऑर्डर केलं. घाबरलेला माणूस ऑनलाइन काहीही घेतो.

बसवायला डब्यावर एक तास लिहिलाय, मला अर्धा दिवस गेला आणि त्यातला पाऊण तास दहा नंबरचा सॉकेट शोधण्यात, तो पडला होता कुठेतरी बॅटरीखाली. आत कन्सोल (दोन सीटमधला लिव्हरभोवतीचा भाग) काढायचं, लिव्हरच्या बेसचे चार बोल्ट सोडायचे, ते सोपं आहे. खरं काम बॉनेटखाली. एअर फिल्टरचा डबा आणि बॅटरीचा ट्रे काढला की गियरबॉक्सवर दोन केबल येताना दिसतात, एक गियर पुढे-मागे करते आणि दुसरी आडवी, म्हणजे कुठल्या रांगेत जायचं ते ठरवते. दोन्हींच्या टोकाला एकेक बुश आणि तो एका गोल बॉलवर बसलेला. आडव्या केबलचं टोक मी स्क्रू ड्रायव्हरने उचकटायला गेलो तर उचकटायची गरजच पडली नाही, नुसतं बोट लावलं आणि निघून हातात आलं. आतला बुश म्हणजे तीन तुकडे आणि थोडा चुरा. केबलचं भोक बॉलपेक्षा एवढं मोठं झालेलं की टोक हलवलं की खुळखुळ वाजत होतं. म्हणजे मी वर लिव्हर आडवा ढकलायचो, त्यातला बराचसा ढकल या खुळखुळ्यातच संपून जायचा आणि गियरबॉक्सपर्यंत पोचायचा उरलेला.

हे बघितल्यावर मला माझीच सवय कळली. पहिला-दुसरा पडावा म्हणून मी वर्षभर लिव्हर पलीकडे रेटत होतो, जोर लावून, कारण नाही रेटला तर पडतच नव्हता. आणि हाताला तेच वळण लागलं, सगळ्याच गियरला रेटायचं. मग चौथा ओढताना पण हात आपोआप पलीकडे रेटणार आणि दुसरा पडणार, नाहीतर काय. (माझा गियर डाव्या हाताला आहे, म्हणून पलीकडे म्हणजे पहिल्या-दुसऱ्याची रांग आणि स्वतःकडे म्हणजे पाचवा. ज्यांचा उजव्या हाताला असतो त्यांनी उलटं वाचा.)

नवीन बुश टक्कन बसले. आता इथे किटवाल्यांवर राग आहे माझा. सोबतच्या कागदावर नखाएवढी चित्रं आणि केबल ॲडजस्ट करायचं एक अक्षर नाही. सगळं जोडलं, पहिला पडला, दुसरा पडला, तिसरा-चौथा मस्त, पाचवा येईचना. मी म्हटलं गेलं, गियरबॉक्स मोडला. मग आमच्या मेकॅनिकला फोन केला, तो हसला आणि म्हणाला, दादा, न्यूट्रलला लॉक करून आडव्या केबलचा क्लॅम्प सैल करा, तिला तिच्या जागी बसू द्या आणि मग आवळा. केलं, आला पाचवा. एवढं एक वाक्य कागदावर छापायला काय गेलं असतं यांचं.

आता लिव्हर. जुन्या लिव्हरने पहिल्यातून दुसऱ्यात जायला नॉब 14 सेंटीमीटर फिरायचा, पट्टी लावून मोजलंय, नव्याने 10. भारी वाटतं, खोटं कशाला बोलू. पहिले दोन दिवस मी उगीचच सिग्नल शोधत होतो. पण बघा, हा वरून आखूड केलेला लिव्हर आहे, त्यामुळे नुसतं पुढे-मागेच नाही, आडवं अंतरपण कमी होतं, रांगा एकमेकींच्या जवळ येतात. आणि माझा हात अजून जुन्या खुळखुळ्या लिव्हरसारखाच रेटतोय. परिणाम काय तर पहिल्या दोन आठवड्यांत मी आधीपेक्षा जास्त गियर चुकलो! दुसऱ्यातून तिसरा टाकायला गेलो की पाचवा, कारण आता थोडं जरी स्वतःकडे आलं तरी ती रांग आलीच. वर आखूड लिव्हर म्हणजे जोरपण जास्त लागतो, ते साधं तरफेचं गणित आहे, जेवढी काठी आखूड तेवढा हात दुखतो.

आणि एक गैरसमज, की शॉर्ट शिफ्टरने गियर पटकन बदलतो. लिव्हर पटकन फिरतो, गियर नाही. आत सिंक्रो असतो, पितळेची रिंग, ती गियरच्या कोनाला घासून दोघांचा वेग सारखा करते आणि मगच आत जाऊ देते. तिला तिचा वेळ लागतोच. तुम्ही लिव्हर आखूड करून तिच्यावर दणादणा आपटलात तर ती लवकर झिजणार आणि मग कर्रर्र करून गियर स्वतःच सांगेल.

दोन आठवड्यांनी मेकॅनिककडे गेलो, म्हटलं बघ जरा, किट बसवूनपण चुकतोय. तो शेजारी बसला, एक चक्कर मारली आणि म्हणाला, दादा, गियर टाकताय का कुणाची मान धरलीय? मी नॉब मुठीत आवळून धरत होतो, अंगठा वरून, बोटं पांढरी. त्याने सांगितलं ते मी इथे नीट लिहितो कारण किटपेक्षा याचा फायदा जास्त झालाय. गियरबॉक्समध्ये स्प्रिंग असते जी लिव्हरला न्यूट्रलमध्ये सोडला की आपोआप मधल्या रांगेत आणते, तिसऱ्या-चौथ्यासमोर. गाडी बंद करा, न्यूट्रलला आणा, लिव्हर बोटाने पलीकडे ढकला आणि सोडा, तो स्वतः मध्ये येईल. मग तिसऱ्या-चौथ्यासाठी तुम्हाला आडवं काही करायचंच नसतं. दुसऱ्यातून तिसरा म्हणजे उघड्या तळहाताने न्यूट्रलपर्यंत सरळ पुढे, तिथे एक श्वास, अर्धा सेकंदपण नाही, स्प्रिंग मध्ये आणते, आणि परत सरळ पुढे. तो आपण डोक्यात जो तिरका झेडसारखा रस्ता काढतो ना तो हाताने काढायचा नाही, स्प्रिंगला काढू द्यायचा. तिसऱ्यातून चौथा, दोन बोटं नॉबच्या पुढून लावून सरळ मागे. पाचव्यातून चौथा सगळ्यात धोक्याचा, तिथे पाचव्यातून बाहेर काढून हात पूर्ण ढिला सोडायचा आणि मग सरळ मागे, पलीकडे अजिबात ढकलायचं नाही. पहिला-दुसरा असेल तर तळहात पलीकडे तोंड करून, पाचव्याला तळहात स्वतःकडे. बस एवढंच. मी तीन संध्याकाळी गाडी बंद ठेवून, क्लच दाबून, दहा-दहा मिनिटं नुसतं हेच केलं, घरचे म्हणाले याला झालंय काय.

त्याने अजून एक गोष्ट पकडली. माझं पायाखालचं रबरी मॅट सरकून क्लच पेडलच्या मागे गोळा झालं होतं, पेडल शेवटचा दीड-दोन सेंटीमीटर खाली जातच नव्हतं! म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही आणि आपण गियरला शिव्या घालतोय. तुमचं बघायचं असेल तर गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. कर्रर्र आला तर क्लच सुटत नाहीये, मग मॅट बघा, क्लचचं ऑइल बघा, त्यात हवा शिरलीय का बघा, शॉर्ट शिफ्टर घेऊन काही होणार नाही.

गियर ऑइलपण बदललं त्याच वेळी. जुनं काळं निघालं, ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा लगदा, आणि ऑइलमध्ये उन्हात धरलं की बारीक सोनेरी चकाकी दिसत होती, ती चुंबकाला चिकटत नाही कारण ते पितळ आहे, सिंक्रोचं. थोडी चालते म्हणाला. इथे एक सांभाळा, दुकानात जीएल-5 (जीएल म्हणजे गियर ऑइलची प्रत सांगणारा नंबर) जास्त भारी म्हणून गळ्यात मारतात. ते मुख्यतः डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) गियरसाठी, त्यातली काही रसायनं पितळेला त्रास देऊ शकतात आणि ते इतकं बुळबुळीत असतं की सिंक्रोला धरायला घर्षण मिळत नाही. मॅन्युअलमध्ये जीएल-4 लिहिलंय तर जीएल-4 च टाका, काही गाड्यांत तर ऑटोमॅटिकचं ऑइल लागतं, मॅन्युअल उघडून बघायला पाच मिनिटं लागतात. माझा सकाळी थंडीत दुसरा गियर नखरे करायचा, ते नव्या ऑइलने जवळजवळ गेलं.

बाकी राहिलेल्या वस्तू. बेसखालचे मेटलचे बुश मी महिन्याभरात काढले. लिव्हर घट्ट होतो हे खरं, पण 3000 आरपीएमला पूर्ण कन्सोल मधमाशीसारखं गुणगुणायला लागतं, परत रबराचे टाकले. नॉब 430 ग्रॅमचा आहे, जुना 95 चा होता, वजन केलं. वजनदार नॉबला स्वतःचा रेटा असतो, एकदा निघाला की अलगद आत जातो, हे कबूल. पण तोच रेटा स्प्रिंगच्या विरुद्धपण जातो, मध्ये यायला आळस करतो, आणि माझं सगळं नवीन शिक्षण त्या स्प्रिंगवर उभं आहे. शिवाय उन्हात गाडी उभी राहिली की हात लावायची सोय नाही. घेणाऱ्यांनी आट्यांचं माप आधी बघा, एम8, एम10, एम12 असे अडॅप्टर आले होते पण एम10 मध्येसुद्धा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) वेगवेगळे येतात, 1.25 आणि 1.5, जबरदस्तीने फिरवलात तर लिव्हरच्या आट्या जातील. आणि ज्यांच्या गाडीत रिव्हर्ससाठी नॉबखालची रिंग उचलावी लागते त्यांनी असल्या नॉबच्या नादी लागूच नका.

तिसऱ्या महिन्यात मी जुना लांब लिव्हर परत बसवला, नवे केबलचे बुश तसेच ठेवले. त्यानंतर आजपर्यंत, म्हणजे पाच महिने, एकदाही चुकीचा गियर पडलेला नाही, दोनदा तिसरा अर्धवट राहिला तो मी घाईत होतो म्हणून. ज्यांना ट्रॅकवर वगैरे चालवायचीय त्यांना आखूड लिव्हर आवडेल, मी नाही म्हणत नाही, पण आधी हात सुधारा आणि मग घ्या.

तर केबलचे बुश 5 पैकी 5, आणि ते सुटेपण मिळतात, पूर्ण किट घ्यायची गरज नाही. लिव्हर 5 पैकी 2. बेसचे बुश 1. सूचनांच्या कागदाला शून्य. नॉब सध्या टेबलावर बिलांवर ठेवलाय, पंखा फुल्ल केला तरी एक कागद हलत नाही.