पंच नीडलची सुई: विकत घ्यावी की घरी करावी?

शेजारची मुलगी परवा विचारत होती, "काकू, पंच नीडलचं भरतकाम शिकायचंय. सुई मागवू की तुमच्यासारखी घरी करू?" इथे वेंगुर्ल्यात मी दोन्ही वापरते. तिला म्हटलं, आधी दोरा कुठला ते ठरव. रेशमी लडीचं बारीक भरतकाम करायचं असेल तर विकतची घे. लोकरीचं करायचं असेल तर घरीच कर, पैसे घालवू नकोस.

ही सुई म्हणजे पोकळ नळी, दोरा तिच्या आतून येतो. टोक तिरकं कापलेलं आणि टोकाशी नेढं. कापडाच्या मागून टोचत गेलं की पुढच्या बाजूला टर्किश टॉवेलसारखे लूप उभे राहतात. गाठ कुठेच नसते, लूप धरून ठेवते ती कापडाची वीण. नेढ्याची कड जराशी खरखरीत राहिली तरी दोरा अडकतो आणि भरलेले चार लूप सरसर उसवून येतात.

बारीक सुई घरी करायची तर इंजेक्शनची कोरी सुई घ्यावी लागते. गेजचा आकडा मोठा तेवढी सुई बारीक: 18 गेज बाहेरून 1.27 मिमी, 16 गेज 1.65 मिमी. लडीच्या अनेक पदरी दोऱ्याला 16 गेज बरी. पण ते स्टील चिवट. नेढं पाडताना माझी तीन बारीक ड्रिल बिटं मोडली. चौथ्याने भोक पडलं, तर टोकाच्या धारेने कापडाचे धागेच कापले, कारण ती सुई मुळात कापायलाच केलेली असते. टोक पॉलिश पेपरवर घासून बोथट करावं लागलं. दोन दुपारी गेल्या. एवढ्या बारीक कामात विकतची सुई सरळ सरस आहे. फक्त तिच्या मुठीतली स्प्रिंग जपा. खाऱ्या हवेत माझ्या सुईची दुसऱ्याच पावसाळ्यात गंजली.

लोकरीची गोष्ट वेगळी. जुन्या रेडिओची एरियल घरात पडलेली असेल तर काम झालंच म्हणून समजा. वरून चकचकीत मुलामा असला तरी आत बहुधा पितळच असतं. मऊ धातू, कापायला सोपा, लोखंडासारखा गंज नाही. साधारण 4 मिमी जाडीचा तुकडा हॅक्सॉ ब्लेडने तिरका कापायचा, टोकाशी 2 मिमीचं भोक पाडायचं, मग गोल कानस आणि शेवटी बारीक पॉलिश पेपर. झालं की नेढ्यातून कापसाचा पिळा ओढून बघा. एक जरी तंतू अडकला तरी अजून घासायचं. मी ही पायरी कधीच सोडत नाही.

मुठीला वाळलेला माणगा. हा बांबू जवळजवळ भरीव असतो, हातात दणकट बसतो. शेंड्याकडचा तुकडा घेतला तर मधली बारीक पोकळी थोडी कोरून त्यात नळी बसते, वर एपॉक्सी. मूठ आपल्या पंजाच्या मापाची करता येते, हा मोठा फायदा; विकतच्या जाड मुठीने माझा अंगठा तासाभरात दुखायला लागतो. लूपची लांबी ठरवायला सुईवर प्लॅस्टिकची नळी चढवायची. नळी 2 मिमी कापली की लूप तेवढाच वाढतो. बारीक सुईला रिकाम्या रिफिलची नळी चालते.

लोकरीला मॅटी कापड चांगलं, रेशमी दोऱ्याला घट्ट विणीचं टेरिकॉट.

कापड ताणायची चौकट मात्र कुठलंही काम असो, घरचीच करा. विकतच्या रिंगमध्ये कापड सैल पडतं; आतल्या रिंगला सुती पट्टी गुंडाळली की थोडं सुधारतं, एवढंच. सुताराकडच्या सागाच्या चार पट्ट्या आणि बोटाबोटाच्या अंतरावर पितळी चुका (बारीक खिळे), यावर कापड डफासारखं ताणलं जातं. लोखंडी चुका नकोत. आषाढात ओल धरली की कापडावर तांबडे डाग पडतात आणि ते धुऊन जात नाहीत.

त्या मुलीला गणपतीआधी लोकरीची उशी करायची आहे. एरियल तिच्या आजोबांच्या रेडिओची निघाली. येत्या रविवारी कापायला बसतोय.