वावरातला गाण्याचा डबा

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, झाली आणि कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या वावरात डबा लागलाच पाहिजे. बायांना गाणी लागतात, मलाही लागतात. डबा म्हणजे मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह, ब्लूटूथ आणि एफएम असं सगळं असलेला विटेएवढा स्पीकर. हिंगणघाटच्या बाजारात असे ढिगानं मिळतात. दिवसा तो पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, फिरतो आणि रात्री ह्यांच्यासोबत जागलीला, म्हणजे पिकाच्या राखणीला, जातो. माणसाचा आवाज चालू असला की रानडुकरं अन् रोही (नीलगायी) बिचकतात, म्हणून मचाणावर तो पहाटेपर्यंत बोलत असतो. एवढा राबणारा डबा विकत घेताना लोक फक्त आवाज ऐकतात, याचं मला वाईट वाटतं. दुकानात आवाज सगळ्यांचाच चांगला असतो.

मी आधी डबा उलटा करून बॅटरीचं झाकण शोधते.

याच्या आधीचा आमचा डबा नावाजलेल्या कंपनीचा होता. आवाज गोड, दिसायला देखणा. पण बॅटरी आत चिकटवलेली आणि चार्जिंगचं भोक अगदी नाजूक. हे भोक आतल्या हिरव्या पट्टीवर, म्हणजे सर्किटवर, नुसतं सोल्डरनं (वितळवून लावलेल्या धातूनं) धरलेलं असतं. डबा खुंटीला लटकवून चार्जिंगला लावला, जाता-येता वायरीला धक्का लागला, की सगळा ताण त्या सोल्डरवर येतो आणि त्याला केसासारखी चीर पडते. मग पिन एका विशिष्ट बाजूला दाबून धरली तरच लाल दिवा लागतो. आमचं तेच झालं. नागपूरला दाखवला तर म्हणाले, पूर्ण पट्टी बदलावी लागेल. खर्च नव्या डब्याच्या जवळपास. गाणी वाजवणारा भाग धडधाकट होता, आवाज पहिल्यासारखाच होता, अन् तरी डबा गेला.

मामाजींच्या टेपरेकॉर्डरचं दुखणं वेगळं होतं. त्यात मोटर, रबरी पट्टा, फिरणारी चाकं. उन्हाळ्यात पट्टा सैल झाला की गाणं लांबट व्हायचं. २००१ साली आलेल्या पहिल्या आयपॉडमध्येसुद्धा ५ जीबीची फिरणारी डिस्क होती. आता कार्डात काहीच फिरत नाही, त्यामुळे झिजायला उरतं ते एवढंच: भोक, बटणं आणि बॅटरी. टिकाऊपणा बघायचा तो इथे.

सध्याचा डबा साधा, बिननावाचा, आठशेच्या आतला. मागे दोन स्क्रूंचं झाकण, आत स्प्रिंगवर बसणारा सुटा सेल. या सेलला १८६५० म्हणतात, कारण तो १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. उतरला की काढायचा, दुसरा घालायचा. बाहेरच्या चार्जरवर एक सेल घरी भरत राहतो, एक वावरात वाजतो. डब्याच्या भोकात पिन घालायचं कामच पडत नाही, म्हणून ते अजून नव्यासारखं घट्ट आहे. सेल घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. या मापाच्या चांगल्या सेलात साधारण २००० ते ३५०० एमएएच (सेलात किती वीज साठते त्याचं माप) मावतं. ज्याच्यावर ९९०० छापलंय, त्याला मी हात लावत नाही. जो छाप्यात एवढं खोटं बोलतो, त्याच्या आत काय असेल?

दुसरा वैरी आमचा उन्हाळा. लिथियमचा सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा सावलीतच तिथे जातो. टिनाच्या खोलीत, मोटरसायकलच्या डिक्कीत तर विचारूच नका. सेलचा दम लवकर जातो. मी भल्या पहाटे चार्जिंगला लावते, तेही घरात, माठाच्या बाजूच्या थंड भिंतीशी.

आता धुळीचं सांगते. खोक्यावर ‘आयपीएक्स ५’, ‘आयपीएक्स ७’ असं लिहिलेलं दिसलं की दुकानदार म्हणतो, ताई, पाण्यात टाका, काही होत नाही. सातचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, हे बरोबर. पण त्यातला ‘एक्स’ आहे तो धुळीच्या आकड्याच्या जागी, म्हणजे धुळीसाठी काही सांगितलेलंच नाही. काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे बारीक तंतू हेच आमच्या डब्याला मारतात. ‘आयपी ६७’ असेल तर त्यातला सहा धुळीसाठी असतो. तसा डबा महाग पडतो आणि त्याची बॅटरी सहसा आत बंद असते, म्हणून मी साधाच घेतला आणि जुन्या चादरीची पिशवी शिवून त्यात ठेवते. स्पीकरच्या जाळीपुढे एकच पदर, बाकी दुहेरी. संध्याकाळी कोरड्या ब्रशनं कार्डाची खाच झाडायची.

बटणं रबराची आहेत. फवारणी करून आलेल्या हातानं ती दाबली की रबर चिकट होतं आणि मग आवाजाचं बटण आत बसून राहतं. तशा हातानं खरं तर कशालाच शिवू नये, हे मी घरात सगळ्यांना बजावून सांगितलंय.

उणिवा आहेत. पूर्ण मोठा लावला की डब्याचा आवाज फाटतो, त्यामुळे ढोलकीची मजा जाते. एफएम खेड्यात नीट धरत नाही, वायर अँटेनासारखी लावली तर थोडं बरं. कार्डातल्या गाण्यांची एक प्रत फोनमध्ये असू द्या, स्वस्त कार्डं न सांगता जातात. झाकणाचे दोन्ही स्क्रू धक्क्यानं सैल होतात, ते वेचणीला निघण्याआधी आवळून घ्यायचे.